काळ्याची ट्यूब सरांकडे जमा आहे

"मास्तर, लॉट फर्स्टक्लास निघालाय," सर म्हणाले. "आता चित्र कधी काढणार?"

समोर माझं पहिलंवहिलं तैलचित्र होतं. बारा बाय सोळाचा कॅनव्हास, त्यावर मेव्हण्याच्या शेतातली कडब्याची गंज. मोबाईलमधला फोटो बघून आठ दिवस खपून रंगवली होती. गंज पिवळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी पिवळी, कुठं डाग नाही, पट्टा नाही. सावलीच्या बाजूला त्याच पिवळ्यात काळा मिसळून घेतलेला, तोही सारखाच. मला तर ती फार झकास वाटत होती.

यात माझा दोष म्हणाल तर बत्तीस वर्षांचा आहे. १९९० पासून चादरीच्या कारखान्यात रंगखान्यात होतो. आधी हेल्पर, मग डाईंग मास्तर. सुताची आटी रंगवून, धुऊन, पिळून दांडीवर टाकली की तिचा वरचा धागा आणि पोटातला धागा ओढून शेजारी शेजारी धरायचा. तोही दारात, उन्हाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली बघून ओके करणारा मास्तर लवकरच घरी बसतो. दोन धाग्यांत केसाएवढा फरक दिसला तरी लॉट परत. सारखेपणा यावा म्हणून पगार घेतलेला माणूस मी, कुंचला हातात आल्यावर दुसरं काय करणार?

सर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांच्या घराच्या माडीवर क्लास चालतो. तिथं सगळी पोरं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची. माझ्यासारखे म्हातारे आम्ही तिघं. मी १९७७ साली एलिमेंटरी दिली होती, सी ग्रेड. ते सर्टिफिकेट अजून आहे माझ्याकडे, पण सरांना दाखवलेलं नाही. कारखान्यातलं 'मास्तर' हे नाव क्लासमध्येही कसं पोचलं कोण जाणे. सर मला मास्तर म्हणतात, मी त्यांना सर, आणि पोरं गोंधळतात.

तर त्या दिवशी सरांनी माझा रंगांचा डबा उघडला, आयव्हरी ब्लॅकची ट्यूब उचलली आणि आपल्या शर्टाच्या खिशात टाकली. "ही माझ्याकडं जमा. काळा लागला तर माझ्याकडं यायचं नाही. बनवायचा."

म्हटलं, कशापासून बनवायचा?

"ते तुम्ही मला सांगायचं. डाईंग मास्तर कोण आहे, मी का तुम्ही?"

---

मला दृक्प्रत्ययवादी पद्धतीनं निसर्गचित्र करायचं होतं. इंप्रेशनिस्ट म्हटलं की लोकांना पटकन कळतं, म्हणून पुढं तेच म्हणतो. हे नाव मुळात टिंगलीतून पडलेलं. पॅरिसमध्ये १८७४ साली या चित्रकारांनी आपलं आपण प्रदर्शन भरवलं, त्यात क्लोद मोनेच्या एका सूर्योदयाच्या चित्राच्या नावात 'इंप्रेशन' हा शब्द होता. एका टीकाकारानं तोच धरून सगळ्यांची खिल्ली उडवली, आणि नाव चिकटलं ते चिकटलं. मला त्यांच्याकडं ओढलं ते एका जुन्या कॅलेंडरनं. त्यावर मोनेच्या गंजी होत्या. गव्हाच्या, १८९०–९१ सालातल्या. त्याच्या घराजवळच्या शेतात उभ्या असलेल्या गंजी त्यानं सकाळी, संध्याकाळी, धुक्यात, बर्फात अशा पंचवीसेक कॅनव्हासवर रंगवल्या. कॅलेंडर बघून मनात आलं, हे तर आपल्याकडं मार्चमध्ये बार्शी रोडला गावोगाव दिसतं. ज्वारीची कणसं खुडली, मळणी झाली, की कडब्याच्या पेंढ्यांची गंज उभी राहते. फ्रान्सला जायची काय गरज?

सरांनी शिकवलं ते एका दमात सांगतो, कारण करायला वर्ष गेलं तरी सांगायला फार नाही. कॅनव्हास पांढरा किंवा फिका ठेवायचा. पातळ अल्ट्रामरीननं चार रेघा मारून जागा ठरवून घ्यायची. डोळे बारीक करून बघायचं, म्हणजे बारीकसारीक दिसेनासं होतं आणि उजेडाचे नि सावलीचे मोठे तुकडे राहतात. सावल्या आधी. खालचा थर टर्पेंटाइनचा पातळ, वरचा तेलाचा. उलटं केलं तर तेलकट थर खाली सावकाश वाळत, हलत बसतो आणि वरचा तडकतो. फटकारा मारला की हात उचलायचा. घासायचं नाही. घोटायचं नाही.

हे शेवटचं जमेना. माझा हात आपसूक घोटायला जायचा. जिथं दोन रंग भेटतील तिथं मी कुंचला फिरवून त्यांचं एक करून टाकायचो. सर मागून यायचे, बघायचे आणि म्हणायचे, "रंगखाना बंद झालाय, मास्तर."

मग एका रविवारी घरी गच्चीत बसलो होतो. समोरच्या गच्चीत दोरीवर चादर वाळत होती, आमच्याच काळातली. नक्षीच्या जकार्ड मागावरची. ती चादर मी ओळखली, कारण त्या लाल आणि निळ्याचा लॉट माझाच. ताणा, म्हणजे उभे धागे, निळा; बाणा, म्हणजे आडवे, लाल. हातात घेतली तर दोन्ही धागे साफ वेगळे. इकडून बघितलं तर कडेच्या पट्ट्यावर जांभळट झाक. जांभळा मी कधी रंगवलाच नव्हता! तो मागावर झाला होता. मी रंग मिसळतो तो टाकीत. माग मिसळतो तो बघणाऱ्याच्या डोळ्यात. बत्तीस वर्षं सूत रंगवून खाली विणकरांकडं पाठवत होतो आणि खाली काय चाललंय ते बघितलंच नव्हतं म्हणायचं.

यावर एक सांगून ठेवतो. निळ्याशेजारी पिवळा ठिपका ठेवला की लांबून हिरवा दिसतो, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. सुतात करून बघा. पिवळा ताणा, निळा बाणा, लांबून करडं दिसतं. हिरवं हवं तर पॅलेटवर मिसळायचं किंवा ट्यूबमधून घ्यायचं, आणि मोनेही तेच करायचा. शेजारी ठेवायचे ते रंग कसे ठेवायचे ही खरी गोम आहे, आणि त्यासाठी मला एक जुना सहकारी भेटला. म्हणजे पुस्तकात भेटला.

---

मिशेल शेव्रल. पॅरिसच्या गोब्लां या राजेशाही गालिचे-पडदे विणण्याच्या कारखान्यात १८२४ पासून रंगखान्याचा प्रमुख. म्हणजे आमच्याच बिरादरीचा, डाईंग मास्तर. मूळ रसायनतज्ज्ञ, चरबीवर आणि साबणावर मोठं काम केलेला. १०२ वर्षं जगला. त्याच्याकडं तक्रार आली की तुमच्या काळ्या रंगात दम नाही. निळ्या आणि जांभळ्या कपड्यांच्या घड्यांत सावलीसाठी वापरलेला काळा मेल्यासारखा दिसतो. शेव्रलनं दुसरीकडच्या कारखान्यांतलं काळं सूत आणून आपल्या सुताशी ताडून बघितलं. सूत ठीकच होतं. खोट काळ्यात नव्हती, शेजाऱ्यात होती. कोणताही रंग आपल्या शेजारच्या रंगावर आपल्या विरोधी रंगाची झाक टाकतो. निळ्याचा विरोधी नारिंगी, म्हणून निळ्याशेजारचा काळा तांबूस, गंजल्यासारखा दिसतो. त्यावर त्यानं १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि पुढं चित्रकारांनी तो उचलून धरला.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

१९९८ साली आमचा एक लॉट परत आला होता. मोरपिशी निळ्यावर काळी नक्षी. पार्टीचं म्हणणं, काळा तांबूस मारतोय, रंग कच्चा आहे. मी काळं सूत दारात नेऊन बघितलं, काळंभोर. चादरीत बघितलं, तांबूस. दोनदा परत रंगवलं. माझ्या हाताखालचे अण्णा म्हणाले, "मास्तर, पाण्यात काहीतरी आहे." पाणी बदललं. हायड्रो नावाचं रंगखान्यातलं रसायन बदललं. चादर विणून आली, परत तांबूस. शेवटी माल पडेल भावात गेला आणि त्या वर्षीचा बोनस माझ्या पगारपत्रकावर दिसला नाही. मालकांचं वाईट नव्हतं, नुकसान झालं होतं, कुणाच्या तरी नावावर टाकायला लागणारच. पण मला वर्षानुवर्षं खरंच वाटायचं की चूक माझी होती. एखादी बादली जास्त, एखादा तास कमी. आता कळलं की त्या काळ्यात थोडा निळा वाढवला असता किंवा नक्षीला शेजार दुसरा दिला असता तर भागलं असतं. १५९ वर्षं आधी छापून ठेवलेलं होतं.

अण्णांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पाण्यात काही नव्हतं?" म्हटलं, नव्हतं. "मग पाणी उगीच बदललं की हो."

---

काळा बनवायला लागलो. अल्ट्रामरीन, क्रिमसन आणि चिमूटभर व्हिरिडियन. कधी निळ्याकडं झुकलेला, कधी वांग्याच्या सालीसारखा. टाकीत मापून काढलेल्या काळ्यापेक्षा हा चिडका आहे, रोज वेगळा निघतो. अल्ट्रामरीनची ट्यूब पहिल्यांदा पिळली तेव्हा हसूच आलं होतं, ही तर आईची धुण्याची नीळ! तोच पदार्थ. पूर्वी हा निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडातून काढायचे, सोन्याच्या भावात जायचा. तो कृत्रिम रीतीनं बनवल्याबद्दल गिमे नावाच्या फ्रेंच माणसाला १८२८ साली बक्षीस मिळालं, आणि मग तो चित्रकाराच्या पॅलेटवरही आला आणि सदऱ्याच्या कॉलरवरही.

आता तेलाची गोष्ट, कारण यात मी जवळजवळ घर पेटवलं होतं.

तैलरंगातलं तेल म्हणजे जवसाचं. आपण चटणी करतो तेच जवस. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि घट्ट होतं. हे मला लगेच समजलं, कारण व्हॅट रंगांचा खेळ असाच आहे. एका जातीचा व्हॅट पिवळा टाकीत गर्द निळा असतो. सूत निळं बाहेर येतं आणि हवा लागली की तुमच्या डोळ्यांदेखत पिवळं होतं. नवा हेल्पर आला की त्याला पहिल्या दिवशी आम्ही हे दाखवायचो आणि त्याचं तोंड बघायचो.

पण समजणं वेगळं आणि ध्यानात राहणं वेगळं. कुंचले पुसायला चिंध्या कशाला, म्हणून मी ओळखीच्या कारखान्यातून कॉटन वेस्ट आणलं होतं. मागावरचं तुटकं सूत, पोतंभर. फार सोयीचं. तेलरंगानं माखलेले बोळे गच्चीतल्या प्लास्टिकच्या बादलीत दाबून भरत गेलो. गेल्या मे महिन्यातली दुपार, सोलापुरातलं ऊन, त्याबद्दल मी काही सांगायला नको. जेवून लवंडलो होतो. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, चटणी कुणी करपवली?"

घरात कुणी चटणी करतच नव्हतं. जवस करपल्याचा वास मात्र खराच होता. गच्चीत गेलो तर बादलीतून धूर. बोळे वरून साधे दिसत होते, काठीनं उकरले तर पोटात काळे आणि चटका बसेल इतके गरम. बादलीची एक बाजू मऊ होऊन पोट सुटल्यासारखी फुगलेली. त्या दिवशी नळाला पाणी यायचा वार नव्हता, तरी पिंपातलं भरलेलं पाणी ओतलं. ती पाण्याकडं बघत होती, मी बादलीकडं.

जवसाचं तेल ऑक्सिजन घेताना तापतं. कॅनव्हासवर ती उष्णता निघून जाते, कळत नाही. सुताच्या बोळ्यात तेल हजार धाग्यांवर पसरलेलं, हवा भरपूर, आणि उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. ढीग आपला आपण पेटतो, काडी लागत नाही. कारखान्यात वेस्टच्या ढिगाजवळ बिडी ओढणाऱ्याला मी शिव्या घातलेल्या आहेत, आणि घरी हे. आता बोळे एकेरी पसरून वाळवतो किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवतो. तैलरंग शिकणाऱ्यानं बाकी काही लक्षात नाही ठेवलं तरी एवढं ठेवावं. बादलीचे पैसे हिनं माझ्या रंगांच्या बजेटमधून कापले.

---

यंदाच्या मार्चमध्ये सर म्हणाले, फोटो बास. शेतात जा.

मेव्हण्याचं शेत नान्नजच्या अलीकडं. घरून वीसेक किलोमीटर. साडेपाचला स्कूटर काढायची; पुढं पायाशी रंगांची पेटी, पाठीवर कॅनव्हास, डिकीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. अमेरिकन चित्रकार जॉन रँड यानं १८४१ साली पिळायची धातूची ट्यूब काढली नसती तर हे जमलं नसतं. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यायचे. स्कूटरवर ते काय टिकलं असतं!

पहिल्या दिवशी सगळं चुकलं. वारा सुटला आणि कॅनव्हास शिडासारखा फुगून ईझल आडवं झालं, रंगाची बाजू खाली. शेतातल्या चित्रात कूस आणि माती चिकटलीय ती अजून तशीच आहे. समुद्रकिनारी काढलेल्या मोनेच्या एका चित्रात वाळूचे कण सापडलेत म्हणे, हे मी मेव्हण्याला सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, ते ठीक आहे, पण करायलात काय तुम्ही? गंज तर इथं उभीच आहे की."

दुसऱ्या दिवशी ईझलच्या पायांना दोन विटा बांधल्या आणि नीट बघायला बसलो.

गंज पिवळी नाही. हे लिहायला सोपं आहे. पावणेसातला सूर्य झाडांवर आला तेव्हा उजेडाची कड गुलाबीसर होती, भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. तिच्या शेजारी, पेंढ्यांची बुडं जिथं बाहेर येतात तिथं, फिका हिरवट राखाडी. सावलीची बाजू निळी. खरोखर निळी, कारण त्या बाजूला ऊन नाही, आभाळ आहे. आभाळाचाच उजेड तिथं पडतो. आणि त्या निळ्यात मधेच एक पेंढी सुटून लोंबत होती, तिच्यावर खालच्या मातीवरून उसळलेलं ऊन, तांबडंलाल. मी क्रिमसन आणि ऑकरचा एक फटकारा मारला. हात उचलला. त्याच्या शेजारी कोबाल्ट आणि पांढरा, हात उचलला. दोघांच्या मध्ये कॅनव्हास उघडा राहिला, आणि माझा अंगठा तो पुसून एक करायला निघालाच होता. मी हात मागं बांधून दहा पावलं मागं गेलो. तिथून ती पेंढी लोंबत होती.

साडेआठला सगळं खलास. सोलापूरच्या उन्हाला एकदा चढ आला की रंग पांढरे फटक होतात आणि सावल्या पायाखाली जातात. दीड-पावणेदोन तासांपेक्षा जास्त एका चित्राला नाही. म्हणून तीन कॅनव्हास केले: एक साडेसहाचा, एक साडेसातचा, एक संध्याकाळचा. रोज ज्या वेळेला जो, तोच काढायचा.

पाचव्या दिवशी मेव्हणा म्हणाला, कडब्याला गिऱ्हाईक आलंय, परवा टेम्पो येणार.

मी त्याला मोनेची गोष्ट सांगितली. १८९१ साली तो नदीकाठची पॉप्लरची झाडं रंगवत होता आणि गावानं ती तोडायला लिलावात काढली. त्यानं लाकडाच्या व्यापाऱ्याबरोबर भागी करून पैसे भरले आणि चित्रं होईपर्यंत झाडं उभी ठेवली. मेव्हण्यानं सगळं नीट ऐकलं. मग शेकड्याचा भाव सांगितला, गंजीत पेंढ्या किती ते सांगितलं, आणि म्हणाला, "भरताय का दाजी?" पेन्शनवाल्या माणसानं यावर काय बोलायचं? तरी बहिणीच्या नवऱ्याचा मान म्हणून त्यानं टेम्पो चार दिवस पुढं ढकलला. गिऱ्हाइकाला काय सांगितलं विचारलं तर म्हणाला, "सांगितलं, गंजीत नाग आहे."

चार दिवसांत सकाळचे दोन्ही झाले. संध्याकाळचा अर्धा राहिला. पाचव्या दिवशी संध्याकाळी पोचलो तर टेम्पो जाऊन तासही झाला नव्हता, वाटेवर पाचोळा सांडलेला. गंजीच्या जागी जमिनीवर तेवढाच चौकोन होता. बाजूचं रान उन्हानं करडं पडलेलं, आणि गंजीखालची माती मात्र गर्द काळी, ओलसर, वर तुसाचा सडा. दोन साळुंक्या त्यात काहीतरी टिपत होत्या.

कॅनव्हासवरची अर्धी गंज चाकूनं खरवडली. पॅलेटवर अल्ट्रामरीन काढला, क्रिमसन काढला. उन्हाकडच्या कडेला मातीत गंजका तांबूस होता, आतल्या बाजूला वांगी रंगाचा, आणि साळुंक्यांच्या सावल्या तिच्यावरही निळ्या पडत होत्या. दिवस मावळेपर्यंत तो चौकोन रंगवत बसलो.